सांजचे मुटके

माळ्याच्या घरात भाजी नाही, असं मला लहानपणी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माहेर तेल्हाऱ्याकडचं, तिथं भाजीचा मळा. सासर वलगावचं, तिथं विहिरीवरची वाडी. दोन्हीकडे मेथी, पालक, वांगी, मुळे यांच्यावरच पिढ्या जगलेल्या. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा अंगावरची हळद उतरायच्या आत माझ्या हातात विळा आला होता. आणि त्याच घरात एक हिवाळा असा आला की लेकराच्या तोंडी लावायला हिरवं पान मिळेना. आज नातवंडं झाली, तरी ते आठवलं की अंगाची लाही होते. सुना म्हणतात, आता तरी सोडा. का सोडू?

कापसाचे दिवस होते. कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली म्हणे, आणि त्यांना आमच्या वऱ्हाडातला कापूस हवासा झाला. ती लढाई कुठली, कशाची, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. अमरावतीच्या बाजारात नेलेली गाडी दुपारच्या आत रिकामी होते, एवढंच कळत होतं. मग जो तो कापसामागे. ज्वारीच्या वावरात कापूस, जवसाच्या वावरात कापूस. पेरणीच्या आधी एक दिवस पोरीच्या बापानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वाडीतही नांगर घातला. मी चुलीपुढून उठून पळत गेले, तोवर वांग्याची झाडं मुळासकट उलथी पडली होती. काहींना अजून वांगी लटकत होती.

"हे काय करून राह्यले तुमी? लेकराले काय खाऊ घालू?"

"काहून? पैसा आला का भाजी इकत घेता येते."

"कोनाजवळून घेता? समदे तं कापूस लावून राह्यले."

त्यांनी बैल थांबवले नाहीत.

लेकरू म्हणजे माझी पहिली पोरगी. त्या हिवाळ्यात अडीच वर्षांची होती. तिचं अंगावरचं दूध मी लवकर तोडलं होतं, कारण वेचणीला दिवसभर वावरात राहायचं आणि घरी कोणी थांबायचं नाही. खाण्याच्या बाबतीत ही पोर म्हणजे माझ्या मागच्या जन्माचं वैर. ज्वारीची भाकर आणि गूळ, संपलं. फार तर वरणाचं पाणी. हिरवं काही दिसलं की तोंड घट्ट मिटायची. जबरदस्तीनं घातलं तर गिळायची नाही, गालात धरून बसायची आणि घटकाभरानं माझ्याच पदरावर थुंकायची. पावसाळ्यात बांधावर तरोटा, घोळ असली रानभाजी फुकट मिळत होती, तेव्हाही पोर तिला शिवली नाही. दिवाळी सरली, बांध वाळले, तेही संपलं.

दिवाळीनंतर सासूबाईंना तिच्या डोळ्यात काहीतरी पांढरं दिसलं. बुबुळाच्या बाजूला, फेसासारखं, तांदळाच्या कणीएवढं.

"कापूस गेला वं पोरीच्या डोळ्यात," त्या म्हणाल्या.

यात नवल काय होतं? त्या वर्षी कापूस कुठं नव्हता? पापण्यांवर कापूस, वरणात कापूस, भाकरीच्या पिठात कापूस. सासूबाईंनी पदराचं टोक ओलं केलं, पोरीचं डोकं मांडीत धरलं आणि डोळा पुसला. गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला. मग दुधाचा थेंब घातला, तूप घातलं, काजळ घातलं. पोर किंचाळायची, मी तिचे हात धरून ठेवायची. मीही त्यातलीच. डोळ्यात पांढरं दिसलं की कापूस, याच्या पलीकडे आमच्या घरात कोणाचीच अक्कल पोचत नव्हती.

त्याच सुमाराला तिनं आणखी एक खोड काढली. म्हणजे मला ती खोड वाटली. दिवेलागण झाली की अंगणात जिथं असेल तिथंच ती खाली बसायची. हाक मारली तर हात पुढे करायची, पण उठायची नाही. मी दिवसभर वाकून वेचलेली, कंबर मोडलेली, स्वयंपाक पडलेला. मी ओरडायची, "पाय मोडले काय वं तुये? चाल ना." एकदा मी तिला दंड धरून ओढलं. ती चालली आणि समोरच्या गायीच्या खुंट्यावर जाऊन आदळली. ओठ फुटला. वर मीच तिला एक धपाटा घातला, खुंटा दिसत नाही का म्हणून. हे मी कोणाला सांगत नाही. इथं सांगते, कारण खरं सांगायचं तर सगळं सांगावं लागतं.

गावात एक म्हातारी सुईण होती. ही पोर तिच्याच हातावर जन्मली होती. एका सांजेला ती तंबाखू मागायला आमच्याकडे आली आणि ओट्यावर टेकली. पोर अंगणात बसलेली. सुईण तिच्याकडे बघत राहिली. मग घरातली पळी मागून घेतली, पोरीच्या समोर बसली आणि तिच्या नाकापुढून पळी झपकन फिरवली. पोरीची पापणी लवली नाही. पुन्हा फिरवली. पोर शांत, माझ्या आवाजाकडे तोंड करून.

सुईणीनं तिला चुलीच्या उजेडात नेलं, बोटांनी डोळा उघडून पाहिला.

"कापूस नाही वं हा," ती म्हणाली. "कवापासून पुसून राह्यल्या तुमी? हा डोळ्यातूनच आला. तुया पोरीले सांजचं दिसत नाही."

"मंग काय करू, मावशी?"

"हिरवा पाला चार. रोज. मेथी म्हन, शेवगा म्हन, भेटन ते. नाही चारला तं आज सांजचं गेलं, उद्या दुपारचंबी जाईन. मंग माह्याजवळ येऊ नको."

सासूबाई आपल्या पदराच्या टोकाकडे बघत बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी पोरीच्या डोळ्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप कापसाची गाडी घेऊन अमरावतीला निघाला. मी जू चढवेपर्यंत मागे लागले. "काही इसरा, मेथी नका इसरू. एक जुडी. पालक भेटला तं पालक. पोरीच्या डोयाचं हाय." ते हो हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी सांजेला परत आले ते खुशीत. कमरेचा रुमाल सोडला. त्यात पोरीसाठी चांदीचे वाळे आणि पुडाभर बत्तासे.

"मेथी?"

"भाजीच नव्हती वं बाजारात. माळी समदे कापूस घेऊन आलते."

मी ते वाळे उचलले आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. "हे चारू काय पोरीले?"

"इतकं काय त्याच्यात? नजर लागली असन कोनाची. मीठ-मोहऱ्या उतरून टाक."

माझं डोकं भणाणलं. बाजारभर माळी, आणि एकाच्या गाडीत मेथीची काडी नाही. आपणही त्यातलेच एक, हे या माणसाच्या डोक्यात येत नव्हतं. त्याच्या लेकीला दिसत नव्हतं आणि तो तिला वाजणारे वाळे घेऊन आला होता.

शेवगा सुईणीच्याच परसात होता. ती रोज ओंजळभर पाला द्यायला कबूल झाली, पण तिचं झाड लहान, किती दिवस पुरणार? घरात फोडणीचे मेथीदाणे होते. मी ते रात्री भिजत घातले आणि सकाळी वेचणीला न जाता खुरपं घेऊन विहिरीकडे गेले. वाडीच्या जागेवर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेएवढी उभी. अर्धी बोंडं फुटलेली, अर्धी फुटायची. विहिरीला लागून असलेल्या दोन ओळी मी उपटायला घेतल्या. उभं पीक उपटायचं पाप माळ्याच्या पोरीला कळतं, मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी उपटत होते.

सासूबाई मागून आल्या. मला वाटलं आता केस धरतील. त्या वाकल्या आणि पलीकडच्या टोकाची पऱ्हाटी त्यांनी उपटली. तेवढ्यात पोरीचा बाप धावत आला.

"येड लागलं काय दोघीले? फुटाच्या घाईले आलेलं पीक ते."

"तू गाडी भर," सासूबाई म्हणाल्या. मान वर केली नाही.

आम्ही दोघींनी वाफा केला, मेथी फेकली, घागरीनं पाणी घातलं. थंडीत मेथी यायला महिना. तोवर सुईणीचा शेवगा. पाल्याची सोय झाली एकदाची. आता तो खायचा कोणी? खरी लढाई इथं सुरू झाली, गोऱ्यांची गेली चुलीत.

मी मुटके करायला घेतले. शेवग्याचा पाला देठांवरून ओरबाडायचा, बारीक चिरायचा. त्यात ज्वारीचं पीठ, मूठभर हरभऱ्याचं पीठ, तीळ, ओवा, हळद, मीठ. घट्ट मळायचं आणि मुठीत दाबून बोटांच्या खुणा उमटतील असे मुटके वळायचे. मडक्याच्या तळाला पाणी, त्यावर पऱ्हाटीच्या काड्यांची जाळी, जाळीवर मुटके, वर झाकण. उकडले की थोड्या जवसाच्या तेलात परतायचे. मोठ्या माणसानं हात मारावा असा वास सुटायचा. पोरीनं पहिला मुटका दिवसाउजेडी हातात घेतला, मोडला, आत बघितलं आणि खाली ठेवला.

"हिरवं हाय."

दुसऱ्या दिवशी पाला पाट्यावर वाटून घातला. सगळा मुटकाच हिरवा झाला, तिनं हातातही धरला नाही. हळद वाढवली, तर रंग शेणासारखा आला. गूळ घातला, तिनं वरचा गूळ चाटला. पाटवड्या केल्या, धपाटे केले. एकदा पिठाची चिमणी केली, तिळाचे डोळे लावले. चिमणी तिला फार आवडली. तिनं ती मांडीवर घेऊन थोपटली, चिंधीचं पांघरूण घातलं आणि उपाशी बसली. सुईणीचा ओंजळभर पाला रोज असा मातीत जात होता आणि मी दात ओठ खात दुसऱ्या दिवशीचं पीठ मळत होते.

मग मी मुटके शिदोरीत बांधायला लागले. वावरात भूक लागते, तिथं खाईल असं वाटलं. फडक्यात दोन मुटके, चतकोर भाकर, गुळाचा खडा. बाभळीखाली वेचलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी तिला बसवायची आणि ओटी कमरेला बांधून वेचायला जायची. दुपारी येऊन बघितलं तर फडकं रिकामं. माझा आनंद मावेना. तीन दिवस मी सासूबाईंना सांगत होते, खाऊन राह्यली, पोर खाऊन राह्यली. चौथ्या दिवशी घरी कापूस मोकळा करताना सासूबाईंच्या हाताला काहीतरी तेलकट लागलं. कापसाच्या पोटातून सहा मुटके निघाले. पांढऱ्या कापसावर हिरवे डाग, आणि पोरीचा बाप डोक्याला हात लावून उभा.

"डागला ना कापूस."

मी कापसाकडे पाहिलंही नाही. मी पोरीकडे पाहत होते. तीन दिवस. तिच्या डोळ्यांचे तीन दिवस मी कापसाला खाऊ घातले होते.

त्या सांजेला माझ्यात स्वयंपाकाची ताकद उरली नव्हती. दिवा अजून लागला नव्हता, चूल विझत आलेली. पोर भुकेनं कुरकुरत माझ्या मांडीत आली. शिदोरीतले दोन मुटके उरले होते, त्यातला एक मी तिच्या हातात दिला, काही विचार न करता. तिनं तो मोडला, डोळ्यांजवळ नेला, फिरवला.

"हिरवं हाय?"

"नाही," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

तिनं तो खाल्ला. दुसराही खाल्ला. मग म्हणाली, "आनखीन."

मी हात तसाच धरून बसले. पोरीला हिरवं दिसलं नव्हतं, म्हणून तिनं खाल्लं होतं. दिवसा दिसतं म्हणून खात नाही, सांजचं दिसत नाही म्हणून खाते. लेकराचे डोळे यावेत म्हणून मला लेकराचं आंधळेपणच वापरायचं होतं. मला माझी इतकी शिसारी कधी आली नव्हती. पण दुसऱ्या सांजेला मी पुन्हा मुटके केले.

तेव्हापासून आमच्या घरात दिवा उशिरा लागायला लागला. लक्ष्मीची वेळ चुकवली म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना बोल लावणाऱ्या सासूबाई, त्या वात वळून हातात धरून बसायच्या आणि पोरीचं खाणं होईपर्यंत चुलीतला निखारा काढायच्या नाहीत. पोर रोज विचारायची, हिरवं हाय? मी रोज सांगायची, नाही माय, गुळाचं हाय. ती विश्वासानं खायची. तो विश्वास मला सहन व्हायचा नाही.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. खाणं झालं की मी पळी घेऊन तिच्या नाकापुढून फिरवायची. पापणी लवायची नाही. रोज तेच. एका दुपारी मी सुईणीच्या दारात जाऊन भांडले. "तुमचा पाला काही कामाचा नाही, मावशी. पंधरा दिवस खोटं बोलून चारून राह्यली मी, काय झालं?"

ती तंबाखू मळत होती. "मेथी पेरली ना तू? मंग दुसऱ्या दिवशी तोडाले गेलती काय?"

"मेथीले महिना लागते, मले माहीत हाय."

"मंग पोरगी का मेथीहून सोपी हाय?" तिनं पाला तोडून माझ्या ओच्यात टाकला आणि घरात निघून गेली. मी रस्ताभर तिला शिव्या घालत आले. पाला मात्र एक पान न सांडता आणला.

मेथी तोडायला आली. पहिली तोडणी मी आणि सासूबाईंनी मिळून केली. कोवळी, बोटभर उंच. त्या सांजेला शेवग्याऐवजी मेथीचे मुटके केले. कडूपणा लपावा म्हणून गूळ जरा जास्त घातला. पोरीचा बाप ओट्यावर बैलांची दोरी वळत बसला होता. बाहेरचं अंगण दिसेनासं होत होतं, घरात तर त्याहून अंधारलेलं. पोर मांडीत बसली. मी मुटका तिच्या हातात दिला.

"हिरवं हाय?"

"नाही माय, गुळाचं हाय."

तिनं तो मोडला. या वेळी डोळ्यांजवळ नेला नाही. मांडीवरच धरला, खाली मान घालून पाहिलं आणि नखानं त्यातलं काहीतरी खरवडून काढलं. मग माझा हात ओढला आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं. मेथीचं अर्धं पान.

"हे हाय."

सासूबाईंच्या हातातली वात खाली पडली. मी म्हणाले, "आनखीन कुठं हाय?"

"हे पाह्य." तिनं दुसरं काढलं.

"आनखीन?"

तिला आता राग आला होता. तिनं तो मुटका कुस्करला, एकेक पान निवडलं, एकेक माझ्या तळहातावर ठेवलं. इतकी बारीक चिरलेली, मला स्वतःला नीट दिसत नव्हती. पोरीचा बाप दोरी टाकून दारात येऊन उभा राहिला होता. मुटक्यात हिरवं उरलं नाही तेव्हा पोरीनं वर पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत.

"माय, तू खोटं बोलली."

त्या सांजेला तिनं एक घासही खाल्ला नाही, आणि मी तिला रागावले नाही. तळहातावरचा पाला मीच तोंडात टाकला आणि म्हणाले, हो माय, बोलली.